वावरात ॲपची चकरी का फिरत राहते, आणि कनेक्शन नेमकं कधी जोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. केळीच्या व्यापाऱ्यासाठी ॲप बनवलंय. चोपडा आणि यावल तालुक्यांत मुकादम बांधावर वजनकाट्यापाशी उभा राहून एकेक वजन ॲपमध्ये टाकतो, ‘जतन करा’ दाबतो, नोंद सर्व्हरवर जाते आणि मग पावती दिसते. जळगावच्या ऑफिसात वायफायवर हे चुटकीसरशी होतं. वावरात कधी लगेच होतं, कधी दहा-बारा सेकंद लागतात आणि मुकादमाचा फोन येतो, “भाऊ, नुसती चकरी फिरी राहिनी.” शिवाय रोज रात्री ८ वाजता सगळे फोन दिवसभराचे फोटो आणि हिशोब एकदम पाठवतात, तेव्हा सर्व्हरही अडखळतो. रिट्राय (फसलं की पुन्हा प्रयत्न) वाढवून पाहिले, मोठा सर्व्हर घेतला, फरक पडला नाही. आता टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) २ सेकंदांवर आणायचा विचार आहे, आणि शेड्युलिंगने (कुठलं काम कधी करायचं ते ठरवून) कनेक्शन लवकर जुळतं असं कुठेतरी वाचलंय, ते खरं का, असं विचारलंय.

खरं आहे. पण भाऊ, टाइमआउटला आत्ता हात लावू नका. का ते पुढे सांगतो. मी जळगाव-धुळ्याकडच्या दूध संकलन केंद्रांची आणि जिनिंगवाल्यांची ॲप बरीच वर्षं सांभाळतोय, आणि तिथली तक्रार अगदी हीच असते. माझं मत असं की कनेक्शन जुळायला लागणारा वेळ थोडाफारच कमी करता येतो. रेडिओ आणि प्रोटोकॉल यांचे काही टप्पे व्हायचे ते होणारच. मात्र ते टप्पे माणूस स्क्रीनकडे बघत थांबलेला असताना व्हायला हवेत असं नाही. मुकादमाने बटण दाबायच्या आधी ते उरकून घेणं, किंवा तो पुढच्या वजनाला लागल्यावर मागाहून करणं, हे आपल्या हातात आहे. तुमच्या ॲपमध्ये सगळं काम नेमकं बटण दाबल्याच्या क्षणी सुरू होतं, हा खरा प्रश्न आहे.

आधी वेळ जातो कुठे ते बघू. फोरजीवर साधारण दहाएक सेकंद काही देवाणघेवाण झाली नाही की नेटवर्क फोनला निष्क्रिय अवस्थेत टाकतं. नेमका आकडा ऑपरेटर ठरवतो. पुढची नोंद पाठवायची तर फोनने टॉवरला हाक मारायची, टॉवरने त्याला वेळ नेमून द्यायची, मग ओळख, सुरक्षा आणि डेटाचा मार्ग जुळवायचा. रेंज चांगली असेल तर हे सेकंदाच्या काही दशांशात आटपतं. केळीच्या दाट बागेत रेंजची एकच काडी असेल तर पहिली हाक टॉवरपर्यंत पोचत नाही. फोन ताकद वाढवून पुन्हा हाक मारतो, पुन्हा थांबतो.

रेडिओ जागा झाल्यावर फेऱ्या सुरू होतात. फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येणं ही एक फेरी. सर्व्हरच्या नावाचा पत्ता डीएनएसकडून मिळवायला एक, टीसीपी (फोन आणि सर्व्हरमधली मूळ जोडणी) जोडायला एक, टीएलएस (त्या जोडणीची सुरक्षा) १.२ असेल तर दोन आणि १.३ असेल तर एक, आणि प्रत्यक्ष नोंद पाठवून उत्तर यायला आणखी एक. जुन्या टीएलएसवर पाच, नव्यावर चार. एक फेरी ८० मिलिसेकंदांची असेल तर पाच फेऱ्यांना ४०० मिलिसेकंद, कोणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी गर्दीच्या टॉवरवर तीच फेरी ४०० मिलिसेकंदांची झाली की नुसत्या फेऱ्यांचे २ सेकंद होतात.

यात अंतराचा वाटा किती, हेही बघा. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंद; वळणं आणि मधले राउटर धरून थोडे जास्त. तेव्हा सर्व्हर मुंबईत असेल तर अडचण फोन आणि टॉवर यांच्यामधल्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये आहे. सर्व्हर अमेरिकेत असेल तर मात्र प्रत्येक फेरीला २०० मिलिसेकंदांहून जास्त जातात आणि ते चार-पाच वेळा मोजावे लागतात. तसं असेल तर बाकी काही करण्याआधी तो मुंबईत आणा. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून चालू आहे, इतरांचीही आहेत.

आता टाइमआउटचं. टीसीपी जोडणीचं पहिलंच पॅकेट हरवलं तर फोन १ सेकंद थांबून ते पुन्हा पाठवतो, तेही हरवलं तर आणखी २ सेकंद, मग ४. म्हणजे सुरुवातीपासून मोजलं तर पुन्हा पाठवणं १, ३ आणि ७ सेकंदांना होतं. २०११ च्या आधीच्या नियमात पहिली वाटच ३ सेकंदांची होती. तुम्ही टाइमआउट २ सेकंद केला तर ३ऱ्या सेकंदाला जाणारं, कदाचित पोचणारं पॅकेट तुम्हीच मारून टाकता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता. अशक्त रेंजमध्ये नेमकं ज्यांना जास्त वेळ द्यायला हवा त्यांनाच कमी मिळतो. वर रिट्राय वाढवले की त्याच अरुंद वाटेवर आणखी गर्दी. म्हणून तुमच्या रिट्रायचा उपयोग झाला नाही.

आता तुमच्या ‘कधी लगेच, कधी दहा-बारा सेकंद’ याकडे येतो. हा आकडा मला फार ओळखीचा वाटतो. तुम्ही ओकेएचटीटीपी, म्हणजे अँड्रॉइड ॲपला सर्व्हरशी जोडणारी तयार कोडची लायब्ररी, वापरत असाल, आणि त्याची ४ नंबरची आवृत्ती असेल, तर त्यात कनेक्ट टाइमआउट मुळात १० सेकंदांचा असतो आणि एका नावाचे अनेक पत्ते असतील तर ती एकामागून एक तपासते. आता सर्व्हरच्या नावापुढे डीएनएसमध्ये आयपीव्ही६ चा (जुन्या आयपीव्ही४ नंतरच्या नव्या प्रकारचा) पत्ता नोंदवलेला असेल, पण फायरवॉलमध्ये त्या पत्त्यावरचं ४४३ पोर्ट (सुरक्षित जोडणीचं दार) उघडायचं राहून गेलं असेल, तर काय होईल? ऑफिसच्या वायफायला आयपीव्ही६ नसेल तर तिथे काहीच कळणार नाही. जिओसारख्या नेटवर्कवर आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर आहे, तिथे फोन तोच पत्ता आधी धरतो, १० सेकंद ताटकळतो, मग आयपीव्ही४ वर जाऊन पटकन जोडतो. आणि एकदा अपयशी ठरलेला पत्ता लायब्ररी लक्षात ठेवते, म्हणून पुढच्या नोंदी लगेच जातात. ॲप बंद होऊन पुन्हा उघडलं की पहिली नोंद परत दहा सेकंद. मुकादमाला हे लहरी वाटतं, पण त्यात लहर काही नाही.

तपासायला सोपं आहे. मोबाइल डेटावर सर्व्हर आयपीव्ही६ ने उघडतो का ते बघा. उघडत नसेल तर पोर्ट उघडा किंवा तो पत्ता डीएनएसमधून काढा. त्याबरोबर लायब्ररी ५ नंबरच्या आवृत्तीवर न्या. तिच्यात पहिला पत्ता पाव सेकंदात जुळला नाही तर तो न सोडता दुसऱ्याचीही सुरुवात होते, आणि आधी जुळेल तो ठेवला जातो. २०१७ च्या आरएफसी ८३०५ या इंटरनेटच्या नियमपत्रात दोन प्रयत्नांमधलं हे अंतर २५० मिलिसेकंद सुचवलं आहे. दोन्ही प्रयत्न एकदम सुरू केले तर नेटवर्कवर फुकटचा भार, एकामागून एक केले तर माणूस ताटकळतो; मध्ये नेमकं अंतर ठेवून दोन्ही टळतात. तुम्ही जे वाचलं असेल त्याचा सगळ्यात शुद्ध नमुना हाच.

अर्थात हा माझा अंदाज आहे, आकडे तुमच्याकडे आहेत. ओकेएचटीटीपीत इव्हेंटलिसनर नावाची सोय आहे. तिच्यातून डीएनएस कधी सुरू झालं, कधी संपलं, टीसीपी, टीएलएस, पहिलं उत्तर, सगळ्यांच्या वेळा मिळतात. पाच-सहा मुकादमांच्या फोनवर त्या लिहून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी एकत्र बघा. टीसीपीच्या वेळांचे १ आणि ३ सेकंदांच्या जरा पुढे गठ्ठे दिसले तर पॅकेट हरवताहेत. १० च्या आसपास गठ्ठा दिसला तर वरचं आयपीव्ही६ चं प्रकरण. डीएनएसलाच काही सेकंद जात असतील तर नावाची नोंद फार कमी वेळासाठी टिकणारी ठेवली आहे का ते बघा. सरासरी काढू नका, सरासरीत हे गठ्ठे पुसले जातात.

आणखी एक गोष्ट कोडमध्ये लगेच शोधा: ओकेएचटीटीपीचा क्लायंट (कनेक्शन सांभाळणारा भाग) प्रत्येक रिक्वेस्टला नवा बनतोय का? तसं असेल तर प्रत्येक नोंदीला नवं कनेक्शन, नवा हँडशेक (टीसीपी-टीएलएसची जुळवाजुळव). अख्ख्या ॲपला एकच क्लायंट हवा. इतकं झाल्यावरच पुढच्या शेड्युलिंगला अर्थ आहे.

पहिलं शेड्युलिंग म्हणजे आधीच जोडून ठेवणं. मुकादम शेतकऱ्याचं नाव निवडतो, घड मोजतो, काट्यावरचा आकडा बघून टाकतो. यात पंधरा-वीस सेकंद सहज जातात. नाव निवडलं त्याच क्षणी मागच्या थ्रेडवर सर्व्हरला एक हलकी हेड रिक्वेस्ट (मजकूर न मागता नुसता मथळा मागणारी) पाठवा. डीएनएस, टीसीपी, टीएलएस हे तो आकडे टाकेपर्यंत उरकलेलं असेल. बटण दाबल्यावर उरते एक फेरी, आणि मध्ये दहा सेकंद शांत गेले असतील तर रेडिओ पुन्हा जागा करण्याचा थोडा वेळ. टीसीपी आणि टीएलएस मात्र रेडिओ निष्क्रिय झाला म्हणून तुटत नाहीत.

हे ॲप उघडल्याबरोबर का करू नये, असं काही जण विचारतात. करा, पण ते पुरेसं नाही. मुकादम सकाळी ॲप उघडतो आणि पहिलं वजन अर्ध्या तासाने होतं. ओकेएचटीटीपी रिकामं कनेक्शन मुळात ५ मिनिटं ठेवते, पण त्याआधी तुमचा सर्व्हरच ते तोडत असेल. एनजिनएक्स या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर रिकामं कनेक्शन ठेवायची मूळ मुदत ७५ सेकंदांची आहे. दोन वजनांमध्ये दोन-तीन मिनिटं जात असतील तर प्रत्येक वेळी नवं जोडावं लागतंय आणि तुम्हाला पत्ताच नाही. सर्व्हरची मुदत पाच-सहा मिनिटांवर न्या आणि फोनकडची मुदत तिच्यापेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे तुटलेल्या कनेक्शनवर नोंद टाकायची वेळ येणार नाही. मुदत तासाभराची करायचा मोह मात्र टाळा. ऑपरेटरच्या मधल्या यंत्रणा शांत कनेक्शनची नोंद न सांगता पुसतात. फोनला वाटतं जोडलेलं आहे, नोंद पाठवली जाते आणि उत्तरच येत नाही. तो थांबा नवीन कनेक्शनपेक्षा कितीतरी मोठा असतो.

ॲप सुरू होतानाचा क्रमही बघा. वापराची आकडेवारी गोळा करणारी लायब्ररी, क्रॅशची, नोटिफिकेशनची, नकाशाची, प्रत्येकीचा सर्व्हर वेगळा, प्रत्येकीचं डीएनएस आणि हँडशेक वेगळं. सगळ्या एकदम सुटतात आणि स्वस्त फोनच्या प्रोसेसरवर आणि एका काडीच्या रेंजवर तुमचं काम त्यांच्यात चेंगरतं. क्रॅश पकडणारी लायब्ररी सुरुवातीला जोडावी लागते, पण तिने अहवाल पाठवायची घाई नाही. तुमच्या सर्व्हरचं पहिलं उत्तर येईपर्यंत बाकी सगळ्यांना थांबवा. जुन्या, कमी रॅमच्या फोनवर या एका बदलाने ॲप वेगळंच वाटायला लागतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता त्याहून मूळ प्रश्न. पावती दाखवायला सर्व्हर लागतोच कशाला? वजन मुकादमाच्या फोनवर आहे, शेतकरी समोर उभा आहे. नोंद आधी फोनच्या डेटाबेसमध्ये लिहा, पावती तिथूनच दाखवा आणि पाठवायचं काम रांगेत टाका. मुकादम पुढच्या वजनाला लागला की मागे कनेक्शन जुळायला २ सेकंद लागोत की १२, कोणी थांबलेलं नाही. पावतीचा नंबर सर्व्हरकडून हवा असा व्यापाऱ्याचा आग्रह असेल तर प्रत्येक फोनला एक अक्षर-क्रमांक देऊन त्यापुढे फोननेच क्रम वाढवायचा. आणि प्रत्येक नोंदीला फोनवरच एक न बदलणारी ओळख द्या. तीच नोंद दोनदा पोचली तर सर्व्हरने दुसरी गाळायची. हे नसेल तर रिट्रायमुळे एकाच मालाची दोन वजनं लागतात, आणि मग शेतकऱ्यासमोर जे होतं ते निस्तरायला कुठलंही शेड्युलिंग पुरत नाही. हिशोबात दुबार नोंद ही उशिरा आलेल्या नोंदीपेक्षा फार वाईट, हे कायम डोक्यात ठेवा.

भावाचं थोडं वेगळं आहे. पावतीवर त्या दिवसाचा भाव लागतो आणि तो ऑफिसातून येतो. तो सकाळी फोन घरी चार्जिंगला असताना किंवा वायफायवर असतानाच आणून ठेवा आणि पावतीवर भाव किती वाजताचा आहे ते छापा. दुपारी भाव बदलला तर पुश मेसेजने कळवा. जागेवरच पैसे पाठवायचे असतील तर मात्र ऑनलाइन असण्याला पर्याय नाही. ते एक काम थेट करा आणि त्याच्यासाठी वरची आधी-जोडणी वापरा. तुमच्या ॲपमधली कुठली कामं खरंच त्या क्षणी व्हायला हवीत, हे व्यापाऱ्यासोबत बसून ठरवा. माझ्या अनुभवात अशी कामं दोन-तीनच निघतात.

रांगेत पडलेल्या नोंदी केव्हा पाठवायच्या? एकेक नोंद सुटी पाठवली तर प्रत्येक वेळी रेडिओ जागा होतो, काम क्षणभराचं, आणि पुढचे दहाएक सेकंद रेडिओ उगाच बॅटरी खात बसतो. गाडी जळगावला निघालीच आहे तर गल्लीतल्या सगळ्यांच्या पिशव्या तिच्यातच टाकाव्यात, तसं करा. मुकादमाने भाव बघितला, काही शोधलं, कोणत्याही कारणाने रेडिओ जागा झाला की रांगेतल्या साचलेल्या नोंदी त्याच दमात, त्याच कनेक्शनवर, एका रिक्वेस्टमध्ये द्या. काहीच झालं नाही तर वर्कमॅनेजरचं (मागची कामं चालवणारी अँड्रॉइडची सोय) काम नेटवर्क असेल तेव्हा चालवा. नियमित कामाचं किमान अंतर तिथे १५ मिनिटं आहे, आणि वजनाच्या नोंदींना ते चालतं. ऑफिसला दर मिनिटाचा आकडा हवा असेल तर तो का हवा, हे आधी विचारा.

म्हणजे इथपर्यंत तीन गोष्टी झाल्या: पत्त्यांचा आणि क्लायंटचा दोष काढणं, थेट कामांसाठी आधी जोडून ठेवणं, बाकीचं रांगेत टाकून गठ्ठ्याने पाठवणं. मुकादमाची चकरी यातच बहुतेक थांबेल. आता फोटो आणि रात्री ८ चं.

काटापट्टीचा एक फोटो २ एमबीचा धरा, म्हणजे १६ मेगाबिट. वावरात वर पाठवायचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट मिळाला तर एकाच फोटोला ३२ सेकंद. त्या वेळात मुकादमाने भाव बघायचं बटण दाबलं तर त्याच्या जोडणीची चिमुकली पॅकेट फोनच्या मोडेममध्ये फोटोच्या मागे अडकतात. रेंज आहे, सर्व्हर मोकळा आहे, तरी चकरी. शिवाय ओकेएचटीटीपी मागे चालणाऱ्या रिक्वेस्ट एका सर्व्हरला एका वेळी ५ च सोडते. पाच फोटो चढत असतील तर सहावी रिक्वेस्ट फोनच्या बाहेरही पडत नाही. म्हणून फोटो एका वेळी एकच, त्यांचा डिस्पॅचर (रिक्वेस्ट सोडणारा भाग) वेगळा, पण कनेक्शनचा साठा तोच. माणसाने मागितलेलं काही आलं की फोटो थांबवायचा, ते झालं की पुढे चालू. फोटो तुकड्यांत पाठवत असाल तर हे थांबवणं सोपं जातं. आणि फोटो लहान करा. काट्यावरचा आकडा वाचता आला की झालं, २ एमबी लागत नाहीत.

रात्री ८ ला सगळ्यांनी एकदम यायचं कारण काय? कोणीतरी ८ ही वेळ लिहिली म्हणून. तुमच्यासारख्या काहीशे फोनमुळे टॉवर कोसळत नाही, ते दोन तालुक्यांत विखुरलेले आहेत. सर्व्हरवर मात्र त्याच सेकंदाला सगळे हँडशेक, लगेच फोटो, लगेच हिशोबाच्या क्वेरी. नवी कनेक्शनं स्वीकारायची लिनक्सची रांग भरली की पुढची पॅकेट टाकून दिली जातात. या रांगेची मूळ कमाल मर्यादा लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नल) ५.४ आवृत्तीच्या आधी १२८ होती, नंतर ४०९६ झाली. पॅकेट टाकलं गेलं की फोन १ सेकंद थांबतो, मग २, मग ४, आणि तुमचे वाढवलेले रिट्राय त्यात भर घालतात. मोठा सर्व्हर घेऊन हे सुटत नाही, कारण गर्दी त्याच एका क्षणाची राहते, आणि दिवसाचे उरलेले तास तो रिकामाच बसतो.

उपाय साधा. प्रत्येक फोनच्या ओळखीवरून एक आकडा काढा आणि त्याची वेळ ८ ते ८.४० मध्ये कुठेतरी पक्की करा. रोज नवा यादृच्छिक आकडा घेण्यापेक्षा हे बरं. कुठला फोन कधी येणार हे माहीत असतं आणि न आलेला लगेच ओळखता येतो. अयशस्वी झालेल्याने पुन्हा येताना थांबा दुप्पट करत जायचं आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा, नाहीतर एकत्र पडलेले सगळे एकत्रच परत येतात. वर्कमॅनेजर थांबा वाढवत नेतो, सुरुवात मुळात ३० सेकंदांची. यादृच्छिक भाग तुम्ही घाला. हीच गोष्ट वीज जाऊन टॉवर बंद पडतो आणि परत येतो तेव्हाची. नेटवर्क आल्याची सूचना आसपासच्या सगळ्या फोनना एकाच वेळी मिळते. मागच्या कामांनी तेव्हा पाच-तीस सेकंदांचा यादृच्छिक थांबा घ्यावा. समोर माणूस थांबला असेल त्या कामाने अजिबात घेऊ नये. आणि फोटोंना ८ वाजताच का? फोन चार्जिंगला लागला आणि वायफाय असलं की पाठव, एवढीच अट ठेवा, रात्रभर हळूहळू चढतात. नसेल वायफाय, तर पहाटे टॉवर मोकळा असतो.

अँड्रॉइड तुमच्या वेळा पाळेलच असं धरू नका. अँड्रॉइड ६ पासून डोझ आहे: स्क्रीन बंद, फोन स्थिर, चार्जर नाही, तर मागच्या ॲपचं नेटवर्कच बंद होतं आणि अधूनमधून थोडा वेळ उघडतं. अँड्रॉइड ७ पासून त्याचा सौम्य प्रकार खिशातल्या हलत्या फोनलाही लागू होतो. काही कंपन्यांचे फोन याहून कडक असतात आणि मागचं ॲप सरळ मारतात. अचूक अलार्म लावून याच्याशी भांडत बसू नका. मुकादम दिवसातून अनेकदा ॲप उघडतो, तीच खरी संधी. उघडलं की रांग रिकामी करा. रांगेत किती नोंदी बाकी आहेत हे त्याला ठळक दिसू द्या. घरी जाताना तो स्वतःच एकदा बघतो.

एचटीटीपी/३ विषयी तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. त्याच्या खालचा क्विक प्रोटोकॉल २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून आला. त्यात जोडणी आणि सुरक्षा एकाच फेरीत होतात, आणि ओळखीच्या सर्व्हरला पहिल्याच पॅकेटबरोबर डेटा पाठवता येतो. क्रोनेट लायब्ररीतून वापरता येतो आणि चांगला आहे. मात्र त्या पहिल्या पॅकेटमधला डेटा कोणी पुन्हा पाठवू शकतो, म्हणून वजनाची नोंद त्यात कधीच घालू नका, भाव वाचण्यापुरता ठेवा. आधी टीएलएस १.३ सर्व्हरवर चालू आहे का बघा. अँड्रॉइड १० पासून फोनकडे ते मुळातच चालू असतं, तुमच्याकडून एका ओळीचा बदल लागतो आणि एक फेरी वाचते.

हे सगळं रेंज थोडी तरी आहे असं धरून आहे. उद्या हेच ॲप धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर न्यायचं म्हटलं तर सातपुड्याच्या घड्यांमध्ये रेंज नसलेल्या जागा लागतील, आणि तिथे आधी जोडून ठेवण्याला अर्थ राहत नाही. तिथे रांग दोन दिवस टिकली पाहिजे, फोन बंद पडून चालू झाला तरी नोंदी शाबूत राहिल्या पाहिजेत आणि माणूस रस्त्यावर रेंजमध्ये आला की मोजक्या मिनिटांत नोंदी गेल्या पाहिजेत, फोटो मागाहून. रांग आजच नीट बांधलीत तर तेव्हा नव्याने काही लिहावं लागणार नाही.

सुरुवात इव्हेंटलिसनरपासून करा. चोपड्याचे दोन-तीन आणि यावलचे दोन-तीन फोन घ्या, त्यांत वेगवेगळ्या ऑपरेटरचे असू द्या, आणि डीएनएस, टीसीपी, टीएलएस व पहिलं उत्तर यांच्या वेळा वेगवेगळ्या इथे टाका. सोबत ओकेएचटीटीपीची आवृत्ती, सर्व्हर कुठे आहे आणि आयपीव्ही६ चा पत्ता नोंदवलेला आहे का, एवढं लिहा. टीसीपीचा गठ्ठा १० सेकंदांवर नसून ३ किंवा ७ वर निघाला तर मी वर लावलेला अंदाज बाजूला ठेवून रेंजचा आणि सर्व्हरच्या रांगेचा विचार करावा लागेल, आणि त्यातलं नेमकं कुठलं ते रात्री ८ चे आकडे दिवसाच्या आकड्यांपासून वेगळे ठेवलेत तरच कळेल.